दोन, टक, पाच

गाडी सुटायला चाळीस मिनिटं असताना रेडिओ फलाटावर हजर होता. घरातून निघताना बायकोने डबा त्याच्या हातात दिला होता, पण दिला तरी सोडला नव्हता. उंबरठ्याच्या आत ती, बाहेर तो, आणि मधे डब्यावर चार हात.

"आज सांगणार ना?"

"बघतो."

"बावीस वर्षं बघताय. बघून झालं असेल तर आता सांगा. आणि नाहीच जमलं, तर ते परत घरी आणू नका. माझ्या घरात त्याला जागा नाही आता."

मग तिने डबा सोडला. ब्रेड, चार उकडलेली अंडी, दोन संत्री. माणसं दोन असल्यामुळे सगळं दोनाच्या पटीत.

ज्याला सांगायचं होतं तो सहाच्या ठोक्याला आला. उंच, खांद्यात वाकलेला, कोटाच्या वरच्या खिशात एका टोकाला लाल नि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण ती पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती. त्याला सगळे कानामात्रा म्हणत. आल्या आल्या तो 'कसा आहेस' म्हणाला नाही.

"'थुंकु नये' अजून तसंच आहे," तो म्हणाला. "शेवटचा ऱ्हस्व. गेल्या वेळी स्टेशनमास्तरला सांगून गेलो होतो."

"लोक थुंकायचे थांबलेत का पण?"

"कसे थांबतील? पाटीच चुकीची आहे."

गाडी सहा दहाला सुटली. संध्याकाळी सहा पन्नासला पोचणार होती. म्हणजे रेडिओकडे बारा तास चाळीस मिनिटं होती. आजवर वेळ मिळाला नाही, असं त्याला आजच्यापुरतं तरी म्हणता येणार नव्हतं.

हे दोघे एका छापखान्यात एका टेबलाशी अकरा वर्षं बसले होते. काम जोडीचं होतं. अक्षरं जुळवून झाली की कच्चा छाप निघे. तो कानामात्रासमोर असे. मूळ हस्तलिखित, म्हणजे 'प्रत', रेडिओसमोर. रेडिओने मोठ्याने वाचायचं, कानामात्राने छापावर बोट फिरवत ऐकायचं. कानावर पडलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं जुळलं की तो म्हणे, "हं." हं म्हणजे बरोबर आहे, पुढे जा. छान वाचलंस असा त्याचा अर्थ नव्हता. अकरा वर्षांत तसा अर्थ एकदाही निघाला नाही.

रेडिओचं नाव त्याच्या आवाजावरून पडलं होतं. शाळेत मास्तरांचा घसा बसला की धडा तो वाचे. नोकरी मागायला आला तेव्हा छापखान्याच्या साहेबांनी त्याच्यापुढे शेतीच्या अवजारांचं सूचीपत्र टाकलं आणि डोळे मिटले. चार पानं झाल्यावर डोळे उघडून म्हणाले, "सोमवारपासून या." त्याच्या आवाजात चढउतार नव्हते, घाई नव्हती, मतही नव्हतं. शोकसभेचं निमंत्रण आणि नळाच्या तोट्यांची किंमतपत्रिका तो एकाच सुरात वाचे. या कामाला असाच माणूस लागतो. वाचणाऱ्याने अर्थात गुंतलं की तो कागदावर नसलेले शब्द वाचू लागतो.

अडचण फक्त घशाची होती. प्रत्येक चिन्ह तोंडाने म्हणावं लागे. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद. दिवसाला हजारदा. दुसऱ्या वर्षी रेडिओनेच युक्ती काढली. पेन्सिलीने टेबलावर टक केलं की स्वल्पविराम. टक टक म्हणजे पूर्णविराम. आकड्यांत मधेच टक केलं तर ते दशांश चिन्ह. आकडे तसेही सुटे वाचायचे असत, पंचवीसला 'दोन पाच', म्हणजे ऐकण्यात गफलत नको. कानामात्राने आठवडाभर कुरकूर केली, मग तोही रुळला. बाकीचे लोक म्हणत, या खोलीत एक माणूस वाचतो आणि एक सुतारपक्षी साथ करतो.

साडेसातच्या सुमारास त्यांच्या डब्यात एक विणकाम करणारी बाई आली. समोरच्या बाकावर बसून तिने पिशवीतून अर्धा स्वेटर काढला. तोवर यांचा जुना खेळ सुरू झाला होता. प्रवासात दिसेल ते छापील वाचायचं आणि चूक धरायची.

"गाडी थांबवण्यासाठी साखळी ओढा," रेडिओने वाचलं आणि खिडकीच्या चौकटीवर बोटाने टकटक केली.

"टकटक कशाला? पूर्णविराम नाहीये तिथे."

"असायला हवा होता."

"असायला हवा होता ते वाचायचं नसतं. असेल ते वाचायचं."

"विनाकारण साखळी ओढणाऱ्यास शिक्षा होईल."

"सकारण ओढणाऱ्याचं काय होईल ते लिहिलंय?"

"नाही."

"म्हणजे मजकूर अपुरा."

बाईच्या सुया थांबल्या. "भाऊ, तुम्ही भांडताय की वाचताय?"

"वाचतोय," रेडिओ म्हणाला.

"आमच्याकडे पण असंच वाचन चालायचं. मग ते वारले." ती पुन्हा विणू लागली. "चालू द्या. बरं वाटतं."

खेळ चालू राहिला. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर झाला, तिकिटाच्या मागचे नियम झाले, बाईच्या लोकरीच्या गुंड्यावरची चिठ्ठी झाली. चिठ्ठीवर 'कोमट' ऐवजी 'कोटम' छापलेलं निघालं आणि कानामात्रा लहान मुलासारखा खूश झाला. रेडिओ हसला. हसता हसता त्याने घड्याळ पाहिलं. नऊ वीस.

कानामात्राला आजच्या प्रवासाचं कारण असलेलं पत्र महिन्याभरापूर्वी आलं होतं. आलं होतं छापखान्याच्या पत्त्यावर. तिथल्या कारकुनाने ते घरी आणून दिलं. एका सव्वीस वर्षांच्या मुलीने लिहिलं होतं. मुलांच्या आजारपणाबद्दलची एक पुस्तिका बावीस वर्षांपूर्वी त्या छापखान्यात छापली गेली. पान एकतीसवर एका औषधाची मात्रा २.५ मिलिलिटर हवी होती, ती २५ छापली गेली. तिच्या आईने पुस्तिका समोर ठेवून औषध दिलं. मुलगी तेव्हा चार वर्षांची. आचके आले, दोन आठवडे रुग्णालयात होती, जगली, पण उजवा हात कायमचा अधू झाला. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. 'आई मागच्या वर्षी गेली,' मुलीने लिहिलं होतं. 'छपाईची चूक होती हे तिला सांगितलं होतं, पण तिला ते कधी पटलं नाही. आपणच नीट वाचलं नाही, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. मला भांडायचं नाही. ज्यांनी ती पुस्तिका तपासली त्यांनी काय झालं ते मला नेमकं लिहून द्यावं.'

कानामात्राने उलट टपाली कळवलं की लिहून देतो, आणि हातात द्यायला स्वतः येतो. मग रेडिओकडे येऊन म्हणाला, "चल माझ्यासोबत. बारा तास एकट्याने काय करू? आणि टेबलाशी तूही होतास." रेडिओ हो म्हणाला. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

मुलीला जे नेमकं हवं होतं ते टेबलाशी बसलेल्या दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं, आणि तो कानामात्रा नव्हता.

त्या दिवशी पाच वाजायला दहा मिनिटं होती. रेडिओ पान एकतीस वाचत होता. 'मात्रा' म्हणाला, 'दोन' म्हणाला, आणि टक करायला हात खाली येताना पेन्सिल बोटांतून निसटली. टेबलाखाली गेली. तो वाकला, आणि वाकता वाकता सवयीने पुढचा आकडा म्हणाला. 'पाच.' वर कानामात्राचं बोट २५ वर होतं, कारण जुळाऱ्याकडून टिंब सुटलं होतं. दोन पाच ऐकलं, दोन पाच दिसलं. तो म्हणाला, "हं."

पेन्सिल घेऊन वर येताना रेडिओला कळलं होतं. पण 'हं' होऊन गेलं होतं, पुढचं वाक्य तोंडात होतं, पाच वाजत आले होते. उद्या एक नजर टाकू, असं त्याने मनाशी म्हटलं. उद्या दुसरं काम आलं.

चार महिन्यांनी साहेबांनी दोघांना आत बोलावलं. प्रतीत टिंब होतं, छापात नव्हतं. तपासल्याची सही कानामात्राची. साहेबांनी रेडिओला विचारलं, "आकड्यात टक केलं होतं?"

"केलं होतं."

त्याने ते काही ठरवून म्हटलं नव्हतं. आयुष्यभर समोर असेल ते वाचलं होतं. साहेबांच्या तोंडावर 'केलं होतं' असं लिहिलेलं होतं, ते त्याने वाचलं. कानामात्राने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. संशयाने नाही. मग साहेबांना म्हणाला, "तो म्हणतो तर केलंच असेल. मीच ऐकलं नाही."

कानामात्राला कागदाच्या गोदामात पाठवलं. बारा वर्षं तो रिमं मोजत राहिला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याची खुर्ची, त्याचा दिवा आणि सहीचा अधिकार रेडिओला मिळाला. छापखान्यातले टवाळ म्हणत, "कान गेला आणि मात्रा चुकली, आता नुसताच 'आ' वासून बसलाय." ते कानामात्राच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने म्हणत, त्याला ऐकू येत नाही असं धरून. रेडिओ रोज दुपारी आपला डबा घेऊन गोदामात जाई. लोकांना त्याच्या मैत्रीचं कौतुक वाटे. पहिलं वर्ष तो भीतीने बोलला नाही. नंतर, एक वर्ष बोललो नाही म्हणून बोलला नाही.

बारा वाजता रेडिओने डबा उघडला. अंडी सोलता सोलता तो म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं."

"काय म्हणालास?" कानामात्राने मान तिरकी करून डावा कान पुढे केला. ही लकब बावीस वर्षांची होती.

"म्हटलं, एक सांगायचं होतं."

"मलाही. आधी माझं ऐक. परवा परत कान तपासून आलो."

"परत?"

"सातव्यांदा. पोरगेलासा डॉक्टर होता. म्हणे, आजोबा, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. म्हटलं, बाळा, तुझं यंत्र बिघडलंय." त्याने अंड्याला मीठ लावलं. "माझ्या हातभर अंतरावर टक झालं आणि मला आलं नाही. ते काय आपोआप बरं होतं? रस्ता ओलांडताना मी तीन-तीनदा बघतो. नातीला उचलून रस्ता ओलांडत नाही. गाडी आली नि ऐकू आली नाही तर?"

बाई विणता विणता म्हणाली, "मला तर तुम्हाला सगळं ऐकू येतंय असं दिसतं. मघाशी माझी सुई पडली, ती तुम्हीच आधी ऐकलीत."

"सुई ऐकू येते. हवं ते ऐकू येत नाही."

"पुरुषांचं असतं तसं," बाई म्हणाली.

"तू काय सांगणार होतास?" कानामात्राने विचारलं.

रेडिओच्या हातातलं अंडं सोलून झालं होतं. तो ते पुन्हा पुन्हा फिरवून टरफल शोधत होता.

"संत्रं गोड आहे म्हणून सांगणार होतो," तो म्हणाला.

"अजून सोललंही नाहीस."

दोन पन्नासला बाई उतरली. स्वेटरची एक बाही वाढली होती. "तुमच्यामुळे वेळ बरा गेला," ती म्हणाली. गाडी हलली. डब्याच्या त्या भागात आता दोघेच होते. खिडकीबाहेर गोदामांच्या मागच्या भिंती, वाळत घातलेले कपडे, फाटकापाशी सायकलवर एक पाय टेकून थांबलेली माणसं.

कानामात्राने बॅगेतून पुठ्ठ्याची फाईल काढली. आत दोन कागद. एक खाडाखोडीचा, एक स्वच्छ अक्षरातला.

"तिला द्यायचं ते. घरी चारदा तपासलं, पण आपलं आपण तपासलेलं काय कामाचं? कच्चं तुझ्याकडे घे. पक्कं माझ्याकडे. वाच."

"आत्ता?"

"मग काय तिच्या दारात?" त्याने खिशातली पेन्सिल रेडिओच्या हातात दिली. खिडकीखालची छोटी फळी उघडून दिली. "टक नीट कर. फळी पत्र्याची आहे."

रेडिओने चष्मा चढवला. आवाज निघाला तो नेहमीचाच. सपाट, बिनघाईचा.

"ही पुस्तिका त्या वर्षी आमच्या छापखान्यात आली." टक टक.

"हं."

"अक्षरजुळणी करताना दशांश चिन्ह सुटलं." टक टक.

"हं."

"ते पकडण्याची जबाबदारी माझी होती." टक टक.

"हं."

पुढचं वाक्य कागदावर स्पष्ट होतं. माझ्या सहकाऱ्याने ठरल्याप्रमाणे टक केलं, पण मला ते ऐकू आलं नाही. कानामात्राचं बोट पक्क्या प्रतीवर त्या ओळीच्या सुरुवातीला येऊन थांबलं होतं. नख निळसर, वर जुन्या शाईचा डाग.

"माझ्या सहकाऱ्याने ठरल्याप्रमाणे टक केलं नाही."

हात वर राहिला. टक टक झालं नाही.

"'नाही' जास्तीचा," कानामात्रा म्हणाला.

"जास्तीचा नाही."

"माझ्याकडे 'टक केलं' आहे. 'पण'च्या आधी स्वल्पविराम."

"माझ्याकडेही तसंच आहे."

"मग असेल ते वाच की."

"प्रत चुकली आहे," रेडिओ म्हणाला.

कानामात्राने बोट उचललं नाही. गाडी एका पुलावरून गेली आणि पूल संपेपर्यंत बोलणं शक्यच नव्हतं. पूल संपला. रेडिओने सगळं सांगितलं. पेन्सिल, टेबलाखाली वाकणं, पाच वाजायला दहा कमी, साहेबांची खोली. त्याच आवाजात सांगितलं, कारण दुसरा त्याच्याकडे नव्हता.

कानामात्राने मग एकेक विचारायला सुरुवात केली.

"तू वाकलास तेव्हा मी वर पाहिलं?"

"नाही. तुझी नजर छापावर होती."

"मी 'हं' म्हटलं तेव्हा तुला कळलं होतं?"

"'हं' ऐकल्यावर कळलं."

"थांबता आलं असतं."

"आलं असतं."

"साहेबांपुढेही."

"तिथे तर यायलाच हवं होतं."

"घरी कोणाला ठाऊक आहे?"

"हिला. पहिल्या वर्षापासून."

कानामात्राने चष्मा काढला, पुसला, घातला. "सात वेळा कान तपासले मी," तो म्हणाला. "त्यातल्या तीन वेळा तुम्ही सोबत आला होतात."

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने रेडिओला 'तुम्ही' म्हटलं होतं. पहिल्या सोमवारीसुद्धा म्हटलं नव्हतं. तेव्हा म्हणाला होता, बस रे इथे, आणि वाच.

रेडिओ काही म्हणणार तेवढ्यात त्याने हात वर केला. मग उठला, कागद फाईलमध्ये ठेवले, पेन्सिल परत मागितली, डोक्यावरच्या फळीवरून बॅग उतरवली आणि दाराकडे निघून गेला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडीचा वेग कमी होत होता.

स्टेशन लहान होतं. एक बाक, एक नळ, एक घंटा. रेडिओ खिडकीला चिकटून बघत होता, पण दार डब्याच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि फलाट त्या बाजूला वळत होता. चारसहा माणसं उतरली. एकाचा कोट त्या रंगाचा वाटला. गाडी हलली, फलाट मागे गेला, आणि कोट घातलेला माणूस पाठमोरा चालत राहिला.

रेडिओ उठून दारापर्यंत गेला. तिथे कोणी नव्हतं. पलीकडच्या डब्यात बघावं असं वाटलं आणि बघायची हिंमत झाली नाही. बघितलं आणि नसला तर? तो जागेवर येऊन बसला. मुलगी स्टेशनवर येणार होती. तिच्यापुढे हात हलवत एकट्याने उभं राहायचं, आणि तिने विचारलं, ते कुठे आहेत, तर काय वाचून दाखवायचं? बाकावर संत्र्याची सालं होती. त्याने ती गोळा केली, डब्यात भरली, झाकण लावलं, मग काढून पुन्हा लावलं. बायकोने बजावलं होतं, सांगा आणि मोकळे व्हा. सांगून झालं होतं.

पाच वाजले. सव्वापाच. तिकीट तपासणारा आला, म्हणाला, "दोघं होतात ना?"

"होतो," रेडिओ म्हणाला.

तपासणारा पुढे गेला.

सहा वाजून वीस मिनिटांनी कानामात्रा परत आला. बॅग वर ठेवली, समोर बसला, कुठे होतो ते बोलला नाही. फाईलमधून पक्की प्रत काढून त्याने फळीवर ठेवली. 'माझ्या सहकाऱ्याने' पासून पुढची ओळ लाल रेघेने काटली होती. रेघ सरळ होती. गाडीत एवढी सरळ रेघ मारायला बराच वेळ लागला असणार. ओळीखाली निळं काकपद होतं, म्हणजे इथे मजकूर घाला अशी ती छोटी टोकदार खूण. समास कोरा.

"इथला मजकूर माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "तुम्ही भरा."

"मी सांगतो, तू लिही. माझं अक्षर—"

"तुम्ही भरा."

अर्धा तास होता. रेडिओने आयुष्यात लाखो वाक्यं वाचली होती. स्वतःचं असं वाक्य पत्राच्या मायन्यापलीकडे लिहिलं नव्हतं. त्याने पेन्सिल घेतली. गाडी हलत होती, अक्षर हलत होतं. दोन वाक्यं लिहून त्याने एक काटलं. 'निसटली' लिहिलं आणि अडला. सवयीने विचारलं, "निसटलीला 'नि' पहिला?"

कानामात्राने खिडकीतून नजर हलवली नाही. पण उत्तर दिलं. "पहिला."

चार वाक्यं झाली. रेडिओने कागद पुढे केला.

"आत्ता नाही," कानामात्रा म्हणाला. "तिच्यासमोर वाचा."

ती फलाटावर घड्याळाखाली उभी होती. पोस्टात काम करते असं तिने लिहिलं होतं. अंगावर तिथलाच खाकी कोट होता, थेट कामावरून आली असावी. उजवा हात कोटाच्या खिशात, डावा पुढे. रेडिओने तिच्या डाव्या हाताला उजवा हात दिला, मग चुकलं म्हणून डावा दिला. तिला याची सवय असावी. तिने दोन्ही चालवून घेतले.

"घरी जाऊ या का? चहा ठेवला असता."

"आधी हे होऊ दे," कानामात्रा म्हणाला. "नंतर बोलवावंसं वाटलं तर बोलवा."

तिघे बाकावर बसले, ती मधे. कानामात्राने कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि रेडिओकडे पाहून मान हलवली. मग तिच्या खांद्यावरून वाकून समासातल्या पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. मान तिरकी केली नाही, सरळ ठेवली.

रेडिओ वाचू लागला. या वेळी टक करायला काही नव्हतं, म्हणून त्याने चिन्हं तोंडाने म्हटली, अगदी पहिल्या वर्षासारखी.

"वाचणारा मी होतो, स्वल्पविराम, हे तपासत होते, पूर्णविराम. दोन म्हटल्यावर पेन्सिल निसटली, स्वल्पविराम, मी टक न करता पाच म्हणालो, पूर्णविराम. त्यामुळे यांनी ऐकलं तेच छापात होतं, पूर्णविराम."

"थांबा," मुलगी म्हणाली. "पेन्सिल पडली? एवढंच?"

"एवढंच."

"मला वाटायचं, काहीतरी मोठं झालं असेल." ती कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे पुस्तकात पंचवीसच होतं. आईने वाचलं ते बरोबर वाचलं होतं."

"जसं छापलं होतं तसंच वाचलं त्यांनी," कानामात्रा म्हणाला. "अक्षरही चुकल्या नाहीत."

तिने खिशातला हात बाहेर काढून कागदावर ठेवला. बोटं पूर्ण उघडत नव्हती. फलाटावर गाडी रिकामी होत होती. झाडणारा माणूस त्यांच्या पायापाशी आला, थांबला आणि वळसा घालून गेला.

"अजून एक वाक्य आहे," ती म्हणाली.

रेडिओने चष्मा सारखा केला.

"पुढे वाचा," कानामात्रा म्हणाला.

"साहेबांनी विचारलं तेव्हा टक केलं होतं असं मी खोटं सांगितलं, स्वल्पविराम, आणि यांचे कान चांगले आहेत हे ठाऊक असून बावीस वर्षं गप्प राहिलो, पूर्णविराम."

कानामात्राचं बोट ओळीच्या शेवटापर्यंत गेलं आणि टिंबावर थांबलं.

"हं," तो म्हणाला.